नव्या टायरांची ओली परीक्षा

टायर बदलायचे, एवढंच ठरलं होतं. यात कोणाला पाप दिसत असेल तर त्यानं खुशाल सांगावं. मोटार माझी, चाकं माझी आणि जुने टायर इतके गुळगुळीत झालेले की रहमत मिस्त्री त्यांच्यावरून हात फिरवून म्हणायचा, "साहेब, हे टायर नाई राह्यले, फुगे झाले." रहमत हा नेरमधला एकुलता एक मोटार दुरुस्त करणारा माणूस. त्याचं माझ्या मोटारीवर माझ्याहून जास्त प्रेम होतं, कारण त्याच्या घरच्या दोन ईदा तिच्याच जिवावर साजऱ्या झाल्या होत्या.

आता टायरांचा आणि बायकोच्या नोकरीचा संबंध काय, असं कोणी विचारील. तो सांगतो. माझ्या बायकोनं, म्हणजे जयानं, लग्नाआधी शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं होतं. ते प्रमाणपत्र दहा वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होतं. दोनदा मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिल्यांदा माझी आई आजारी पडली. दुसऱ्यांदा ते पत्र माझ्या काळ्या कोटाच्या खिशात तीन आठवडे राहिलं, आणि त्या प्रकरणाची अंतिम सुनावणी आमच्या घरात अजून झालेली नाही. त्या वर्षी, म्हणजे त्रेसष्ट साली, भाद्रपदात तिला तीस पूर्ण होत होती आणि तीस झाली की अर्जच घेत नाहीत असा नियम होता. राहिली होती ती एकच संधी. त्या उन्हाळ्यात पोस्टमन गल्लीत शिरला की जया दारात उभी राही आणि टपाल स्वतःच्या हातानं घेई.

टायरांचा विषय निघाला तेव्हा ती गहू निवडत होती. म्हणाली, "टायर तुम्ही खुशाल बदला. मुलाखतीला मी एस.टी.नं जाईन."

हे मला लागलं. घरात मोटार असलेल्या वकिलाची बायको मुलाखतीला एस.टी.तून, कोंबड्यांच्या टोपलीला टेकून जाणार! मी तिथल्या तिथे जाहीर केलं की असे टायर आणीन, कोरडं असो की ओलं, यवतमाळचे अठरा मैल पाऊण तासात काढीन. जयानं गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

माझ्या मोटारीच्या मापाचे टायर बाजारात मिळायचे कधीच बंद झाले होते. रहमत म्हणाला, "साहेब, जीपचे टाकू. चाक सोळा इंचीच लागते. जरासे चौडे आहेत, पन काय दात आहेत त्याईले!" आणि त्यानं आपली चारही बोटं वाकवून वाघाच्या पंजासारखी माझ्या तोंडासमोर धरली. मला ते दात फार आवडले. नागपूरच्या जुन्या बाजारात चार दातेरी टायर मिळाले आणि नेरच्या स्टँडवर ते उतरले. जयानं ते पाहिले आणि फक्त एवढंच म्हणाली, "टायर एस.टी.नं आले वाटतं."

टायर ओसरीवर ठेवल्या ठेवल्या शेजारी जमले. समोरच्या तेलाच्या गिरणीचे मालक फुलचंदशेठ यांनी एका टायरवर बसून सल्ला दिला, "वकीलसाहेब, हवा कायले भरता? हवा तं पयून जाते. गव्हाचं कुटार भरा ठासून. जिंदगीभर पंक्चर नाई." कुटार म्हणजे आमच्याकडे भुसा. शेजारचे बळीराम गुरुजी शास्त्रीय वृत्तीचे. ते म्हणाले, टायर बसवण्याआधी त्यांची कोरडी परीक्षा आणि ओली परीक्षा घेतली पाहिजे, निकाल वहीत मांडले पाहिजेत आणि त्यानंतरच टायर पास की नापास ते ठरवलं पाहिजे. बसवल्याशिवाय परीक्षा कशी घ्यायची, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, तो तपशील झाला.

मी कायद्याचा माणूस. नोंदणीच्या पुस्तकात जुन्या टायरांचं माप लिहिलेलं, तेव्हा नव्याची नोंद करून घ्यावी म्हणून यवतमाळला मोटारीच्या हापिसात गेलो. तिथल्या कारकुनानं माझा अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली.

"गाडी कुठे आहे?"

"नेरला."

"गाडी पाहिल्याशिवाय नोंद कशी होईल?"

"नवे टायर लावून घेऊन येतो."

"असं कसं? नोंद नसलेल्या टायरवर गाडी रस्त्यावर आणली तर दंड होईल."

मी त्याला तीन कलमं सांगितली. त्यानं मला चौथं सांगितलं. हे चौथं मला माहीत नव्हतं आणि ते त्याच्या लक्षात आलं, याचं दुःख मला अजून आहे. शेवटी आम्ही जुन्या टायरांवर यवतमाळला गेलो, नवे टायर टपावर बांधून. हापिसाच्या आवारात कडुनिंबाखाली रहमतनं एकेक चाक काढून नवे टायर चढवले. कारकुनानं ते पाहिले, नोंद केली आणि म्हणाला, "आता जुने लावले तर दंड होईल." तेव्हा परतीचा प्रवास नव्या टायरांवर झाला आणि कोरडी परीक्षा आपोआप सुरू झाली.

कोरड्या रस्त्यावर ते टायर गातात, हे रहमतनं मला सांगितलं नव्हतं. पंचवीस मैलांच्या वेगाला गुणगुण, तीसला घोंघावणं आणि पस्तीसला असा सूर की नेरच्या वेशीत शिरताना गावातली सगळी कुत्री नदीकडे पळाली. फुलचंदशेठच्या गिरणीतल्या कामगारांना वाटलं जेवणाचा भोंगा झाला. ते हात धुऊन डबे सोडून बसले. शेठ धावत बाहेर आले तर भोंगा रस्त्यावरून चाललेला आणि आत मी बसलेलो. त्या दिवशी गिरणीत जेवणाची सुट्टी दोनदा झाली, कारण खरा भोंगा झाल्यावर तुम्ही पुन्हा का जेवायला बसलात, असं कामगारांना कोण विचारणार!

बाकी कोरडी परीक्षा चांगली झाली, असं बळीराम गुरुजींचं मत पडलं. गुरुजी टेप आणि खडू घेऊन अमरावतीच्या रस्त्यावर उभे राहिले. खडूच्या रेघेवर मी ब्रेक दाबला की गाडी जुन्या टायरांपेक्षा अर्ध्या अंतरात थांबत होती. मागे मात्र टायरच्या दातांतून उडालेले खडे लांबवर जात होते आणि त्यातला एक गुरुजींच्या टोपीवर बसल्यानं वहीत शेवटची नोंद झाली नाही. शिवाय गाडी चार बोटं उंच झाली होती, त्यामुळे जयाला आत चढायला पाट लागू लागला. आणि रुंदी जास्त असल्यानं चाक डावीकडे पुरतं वळवलं की टायर मडगार्डला घासायचा. रहमतनं कानाला हात लावून बजावलं, "साहेब, डावीकडे पुरी नोका घुमवू. घासू घासू टायर कटून जाईन." उजवीकडे काही अडचण नव्हती. मी म्हटलं, मग उजवीकडूनच वळत जाऊ.

आषाढात पाऊस लागला आणि बाजारातल्या डांबरी तुकड्यावर ओली परीक्षा झाली. फुलचंदशेठ स्वतःहून मागच्या सीटवर बसले. बारीक पाऊस, रस्ता चकचकीत, दोन्ही बाजूंना छत्र्या. मी तीसच्या वेगानं आलो, रेघेवर ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. शेठ मात्र थांबले नाहीत, ते पुढच्या सीटवर आले. त्यांची टोपी तर काचेपर्यंत गेली. आमच्या मागून सायकलवर येणारे दूधवाले मारोतीबुवाही थांबू शकले नाहीत. दोन कॅन दूध रस्त्यावर वाहिलं. मारोतीबुवा उठले, गाडीला वळसा घालून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काहून थांबले?" मी म्हटलं, टायर चांगले आहेत म्हणून. दुधाचे पैसे दिले. पण गुरुजींनी वहीत 'उत्तीर्ण' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली, आणि त्या रेघेनं माझं डोकं फिरलं.

त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेचं पत्र आलं. जयानं ते दारातच उभ्या उभ्या वाचलं. मुलाखत दुपारी दोन वाजता, यवतमाळ, आणि तारीख नेमकी पोळ्याची. सगळं वऱ्हाड त्या दिवशी बैल सजवत असतं, कोर्टं बंद असतात, पण शिक्षण खात्याचे नवे साहेब साताऱ्याकडचे होते. त्यांच्याकडे बैलांचा सण आषाढातच उरकतो, तेव्हा श्रावणाच्या अवसेला त्यांना काही दिसलं नसावं.

"आठची एस.टी. आहे," जया म्हणाली.

"मोटार आहे," मी म्हणालो.

"अहो, गंमत नाही ही. ही शेवटची आहे."

"म्हणूनच मोटार."

तिनं पत्राची घडी करून कमरेला खोचली. मग म्हणाली, "बरं. पण आठच्या आत निघायचं आणि रहमतभाईंना बरोबर घ्यायचं." माझ्यापेक्षा तिचा रहमतवर विश्वास जास्त आहे, हे मी त्या वेळी मनाला लावून घेतलं नाही. वेळ मिळाल्यावर लावून घेतलं.

पोळ्याच्या सकाळी आम्ही साडेनऊला निघालो. उशीर टायरांमुळे झाला नाही, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. उशीर निरोप द्यायला आलेल्यांमुळे झाला. आदली रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि आता नुसती भुरभुर होती. जया मागे बसली, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी मेणकापडात गुंडाळून. रहमत माझ्या शेजारी. ओल्या डांबरावर टायर गप्प होते आणि रस्ता असा धरून होते की मी शीळ घालू लागलो. "पाहिलंस?" मी मागे वळून म्हटलं. जया म्हणाली, "तुम्ही पुढे पाहा."

पुढे पाहिलं तर पुलाचं काम चाललेलं. बांधकाम खात्याची पाटी, तिच्यावर बाण, आणि बाण डावीकडे. पुलाला वळसा घालून नाल्यात उतरणारी तात्पुरती वाट तिथून कोयत्यासारखी डावीकडे वळत होती. मी चाक वळवलं. मडगार्ड आणि टायर यांच्यातून असा करकराट झाला की रहमतनं डोळे मिटून घेतले.

"साहेब, पीछे घ्या. दोन बार आगे-पीछे करून आरामसे निंगते."

तो बरोबर सांगत होता. पण आमच्या मागे एक एस.टी. येऊन उभी राहिली होती आणि तिच्यातले चाळीस लोक काचांतून माझ्याकडे पाहत होते. ही साडेनऊची एस.टी. त्या चाळीस लोकांसमोर मी आगे-पीछे करू? उजवीकडे एक गाडीवाट शेतांतून जात होती. मी हात बाहेर काढून एस.टी.ला ऐटीत पुढे जायची खूण केली आणि उजवीकडे वळलो. वाट जिथे जाईल तिथून फिरून रस्त्याला लागू, असा माझा हिशेब होता. जया मागून एवढंच म्हणाली, "अहो, ही काळी आहे."

काळी, म्हणजे आमच्याकडची कपाशीची काळी माती. ती उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी होते आणि पाऊस पडला की हातपाय धरून बसते. टायरांचे ते वाघासारखे दात तिला फार आवडले. पहिल्या वीस हातांत ते मातीनं भरले. मग मातीवर माती चढली, त्यावर गवत चढलं, त्यावर पुन्हा माती. फर्लांगभर गेल्यावर पुढची चाकं मडगार्डमध्ये अशी ठासली की फिरायचीच थांबली आणि गाडी घसरगुंडीवरच्या पोरासारखी बसल्या बसल्या पुढे सरकू लागली. मागची चाकं जागच्या जागी फिरत होती. मग गाडी हळूच तिरपी झाली आणि वाटेच्या मधोमध पोटावर बसली. तेव्हा साडेदहा वाजले होते. यवतमाळ अकरा मैल होतं.

मी अपमान गिळून खाली उतरलो. माझा उजवा बूट आत राहिला, तो रहमतनं काढून दिला. समोर दोन शेतांपलीकडे लोणझरी नावाचं लहानसं गाव होतं. मी म्हटलं, बैलजोडी आणतो, दहा मिनिटांचं काम. आणि गेलो.

त्या गावात बैल किती असावेत? जिकडे पाहावं तिकडे बैल. शिंगं रंगवलेले, अंगावर झुली, कपाळाला बेगड, गळ्यात घुंगरमाळा. गोठ्यांपुढे सावलीत बसून पुरणाचा घास खात होते. पहिल्याच दारात उकंडा नावाचे एक धिप्पाड शेतकरी आपल्या बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत होते. मी सगळी हकीकत सांगून एक जोडी मागितली.

"साहेब," ते म्हणाले, "आज पोया हाय."

"पाहतोय मी. पण दहा मिनिटांचं..."

"काल सांजी यायले आवतन देल्लं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं हात जोडून सांगतलं. जेवाले बलावल्या पाव्हन्याले कोनी कामाले जुपते काय?"

मी वकील आहे. मी अपवादाचा मुद्दा मांडला. संकटकाळी रूढी शिथिल होते, हे सांगितलं. बैलाची संमती गृहीत धरता येईल, असंही बोलून गेलो. उकंडाभाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं, ब्रश बाजूला ठेवला आणि विचारलं, "आज तुमचं कोरट चालू हाय?"

"बंद आहे."

"काहून?"

"पोळा आहे."

"मंग?"

माझ्या बारा वर्षांच्या वकिलीत माझा असा पाडाव झाला नव्हता. आजूबाजूला जमलेले आठ-दहा लोक हसले आणि एक बैलही मान हलवून घंटा वाजवता झाला. तेवढ्यात मागून जया आली. नऊवारी नव्हे, मुलाखतीसाठी घेतलेलं नवं पाचवारी पातळ, ते गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात चपला आणि डोक्यावर प्रमाणपत्रांची पिशवी. तिला पाहून मला एकदम लाज वाटली. ती आठच्या एस.टी.नं गेली असती तर एव्हाना यवतमाळला स्टँडवर चहा पीत असती.

उकंडाभाऊंची आई तुळसाबाई दारात आली. "काय झालं वं बाई? कुठी जाऊन राह्यली इतक्या चिखलातून?"

जयानं सरळ सांगितलं. "मास्तरीण व्हायची मुलाखत आहे, दोन वाजता. आज गेले नाही तर पुन्हा बोलावणार नाहीत. वय संपतं माझं."

तुळसाबाई मुलाकडे वळली. "बैल नाई जुपायचे, खरं हाय. पन तुमी कायले बसले रे? तुमाले कोनी आवतन देल्लं?"

पाच मिनिटांत गावातले नऊ पुरुष, एक जाड नाडा आणि धुऊन पुसून ठेवलेलं जू घेऊन आमच्या मोटारीकडे निघाले. बैल जुपला नाही तर जू वापरायला हरकत नाही, असा निर्णय वाटेत झाला. दोन जणांनी डोक्यावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचे, भारे घेतले होते. उकंडाभाऊ चाकापाशी बसले, बोटानं मातीत रुतलेला टायरचा दात मोकळा केला आणि म्हणाले, "आमच्या बंडीच्या चाकाले दात नाई, म्हून ते निंगते. दात असले का माती खाते."

खुरप्यांनी माती काढली, चाकांखाली पऱ्हाट्या घातल्या, नाडा पुढच्या बंपरला बांधला. रहमत खुरपं घेऊन पुढच्या चाकापाशी उभा राहिला, कारण चाक फिरेल तशी माती खरवडत राहायला हवी होती. मी रुमालानं हात पुसून चालकाच्या जागेकडे निघालो.

"साहेब, तिकडे कुठी?" उकंडाभाऊ म्हणाले. "गाडी कोनाची?"

"माझी."

"मंग पयला खांदा तुमचा."

"पण गाडी चालवणार कोण?"

सगळ्यांनी जयाकडे पाहिलं. ती वजनानं हलकी, हे कारण दिलं गेलं. मी म्हटलं, तिनं आयुष्यात कधी चाकाला हात लावलेला नाही. जया म्हणाली, "मागच्या सीटवर बसून पाच वर्षं पाहतेय." आणि पाटाशिवाय वर चढून बसली. रहमतनं खिडकीतून दोन मिनिटांत सगळं शिकवलं. "भाभी, ये क्लच, ये ब्रेक, ये गॅस. गाडी निंगली का रुकायचं नाई. रुकली तं फसली." जयानं मान हलवली. आणि मी, नेरच्या वकीलसंघाचा उपाध्यक्ष, काळ्या कोटाची बाही वर करून जुवाखाली मान दिली. माझ्या जोडीला उकंडाभाऊ. मी उजवा, ते डावे. माझ्या खांद्याला लागू नये म्हणून कोणीतरी जुवाखाली झूल घालून दिली, ती आरशांची होती.

"हूं!" उकंडाभाऊ गरजले. आम्ही ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं. माझे गुडघे मातीत गेले. तिसऱ्या वेळी मागून इंजिन गुरगुरलं, पऱ्हाट्या कडाकड मोडल्या आणि गाडी चार हात पुढे आली. नऊ जणांनी आरोळी ठोकली. मीही ठोकली, कारण त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला होता. असे आम्ही चार-चार हात करत, मधेमधे दम खात, दीड तासात फर्लांगभर गेलो. पुढे बांध ओलांडला की मुरमाची वाट होती. गाडीची पुढची चाकं बांधापलीकडे उतरली, मागच्यांनाही मुरूम सापडला आणि त्या दातांनी मुरमाला असं काही धरलं की गाडीनं उडीच मारली.

पुढे बैल असतात तेव्हा गाडी मागे राहते. पुढे मी होतो. मागून जीपचे टायर मुरूम चावत येत आहेत हे ऐकून मी जू टाकलं आणि उजवीकडच्या तुरीत उडी घेतली. उकंडाभाऊ डावीकडे गेले. गाडी नाड्यावरून पुढे निघाली, नाडा पोटाखालून मागे आला आणि टोकाला जू उड्या मारत चाललं. रहमत पायरीवर लटकून ओरडत होता, "रुकना मत, भाभी!" भाभी कुठे रुकतेय? मी तुरीतून डोकं वर काढलं तेव्हा मोटार यवतमाळच्या रस्त्याला लागली होती आणि डावीकडे वळताना करकरत होती. एवढ्या लांबून मला फक्त जयाचा खोचलेला पदर दिसला. पावणेएक वाजला होता. मी उभा राहून हात हलवत ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण गाडी थांबव असं नव्हतं.

मला गावात नेण्यात आलं. तुळसाबाईनं मला ओट्यावर बसवलं, सदरा काढायला लावला आणि सोललेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळली. बैलांची खांदेमळणी काल झाली होती, माझी आज झाली. पानावर चार पुरणपोळ्या वाढल्या. संध्याकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, तोरण बांधलं, खाली बैलांची रांग लागली आणि पोळ्याच्या झडत्या सुरू झाल्या. आमच्याकडे बैल सुटण्याआधी गावकरी एकमेकांना चिडवत अशा ओळी जुळवून म्हणतात. उकंडाभाऊ पुढे झाले, माझ्याकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले:

"नव्या टायराची मोटर, चिखलात फसली रे,
बैल बसले सावलीत, वकिली जुपली रे!"

सगळं गाव हसलं. मलाही हसू आवरेना. पण नजर मात्र वाटेकडेच होती. अकरा मैल, पहिल्यांदाच चालवणारी बाई, ओला रस्ता, मागे बांधलेलं जू. दोनदा मी वाटेवर जाऊन पाहून आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा रस्ता वाळला होता आणि लांबून तो सूर ऐकू आला. बैल बुजले, पोरं धावली. मोटार मुरमाच्या वाटेनं आली आणि बांधाच्या अलीकडे, मला एक पाऊलही पुढे टाकावं लागू नये अशा अंतरावर, शांतपणे थांबली. आत जया. शेजारी रहमत, हातात तसबी घेऊन. त्याचे ओठ अजून हलत होते.

"पोचलीस?" मी विचारलं.

"पावणेदोनला. जू मागे पाहून शिपाई आत सोडेना. साहेब स्वतः बाहेर आले. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, आज पोळा आहे."

"मग?"

"मग आत बसवून त्यांनी पोळ्याची सगळी माहिती विचारली. अर्धा तास. शेवटी म्हणाले, खेड्यात नेमणूक झाली तर पावसाळ्यात रस्ते नसतात, तुम्ही जाल का?" जया हसली. दिवसभरात पहिल्यांदा हसली. "मी माझे पाय दाखवले."

"आणि?"

"मिळाली. एक तारखेपासून. गाव मागाहून कळेल."

माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला मला आता काही वाटत नाही. दहा वर्षं ते प्रमाणपत्र ट्रंकेत होतं आणि त्यातली निदान पाच माझ्यामुळे. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "बांधावरून निघाल्यावर थांबली का नाहीस? ब्रेक सापडला नाही का?"

"सापडला होता की. वेळ नव्हता." मग चाकावर हात ठेवून ती म्हणाली, "टायर मात्र चांगले आहेत हो. डांबरावर ओल्यात काय धरतात! फक्त काळीत न्यायचे नाहीत आणि डावीकडे आगे-पीछे करून वळायचं. लाजायचं नाही."

मी नेहमीच्या सवयीनं तिच्या बाजूच्या दाराकडे गेलो आणि मुठीला हात घातला. जया जागची हलली नाही.

"आधी उकंडाभाऊंचं जू परत करून या," ती म्हणाली. "आणि मग तिकडून बसा."

मी जू सोडलं, पुसलं, देऊन आलो. रहमत मागे सरकला होता. मी गाडीला वळसा घातला आणि तिकडून बसलो.